घटक ४ : लोकहितवादी – परसत्तेची चाकरी आणि लोकहित

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांचा जीवनक्रम थोडक्यात सांगता येईल.
• त्यांची सरकारी नोकरी आणि त्यांचे लेखन यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• परकीय सत्तेशी सहकार्य करणाऱ्या व्यक्तीचे नैतिक मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याचा विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अव्वल इंग्रजीतील मराठी गद्याचा परिचय आपण यापूर्वी करून घेतला आहे. त्या काळातील बहुतेक लेखकांविषयी एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. ते सरकारी शिक्षक होते, भाषांतरकार होते, कारकून होते किंवा न्यायाधीश होते. ज्या सत्तेने त्यांचे राज्य घेतले, तिच्याच पगारावर त्यांचे घर चालत होते. वाङ्मयेतिहासात ही गोष्ट एका ओळीत नोंदवून आपण पुढे जातो. प्रस्तुत घटकात मात्र आपण तेथेच थांबणार आहोत.

परकीय आणि अन्यायी सत्तेशी सहकार्य करणे योग्य की अयोग्य? प्रश्न असा मोघम विचारला, तर उत्तरही मोघमच मिळते. त्याचा विचार एखाद्या प्रत्यक्ष आयुष्याच्या आधाराने करणे अधिक उपयुक्त ठरते. लोकहितवादींचे आयुष्य त्या दृष्टीने विशेष बोलके आहे. त्यांनी इंग्रजांची मनापासून चाकरी केली आणि इंग्रजी राज्य संपावे कसे, याचा विचारही मराठीत फार लवकर मांडला. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. त्यांतील एक खरी आणि दुसरी दिखाऊ, असे म्हणून आपली सुटका होणार नाही.

४.२ पेशवाईच्या राखेत वाढलेले घर

गोपाळरावांचा जन्म १८ फेब्रुवारी १८२३ रोजी पुण्यात झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. कोकणातील देशमुखीच्या वतनामुळे ते देशमुख झाले. वडील हरिपंत हे दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस होते. गोखले १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पडले. त्याच वर्षी बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन ब्रह्मावर्तास गेला. म्हणजे गोपाळरावांच्या जन्माच्या वेळी पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षे झाली होती. घरच्या जहागिरीवर गंडांतर आले होते आणि वडिलांचे छत्रही लवकर हरपले. पराभव त्यांना पुस्तकातून कळला नाही. तो त्यांच्या घरातच होता.

या ठिकाणी आपण एक अपेक्षा तपासून पाहू. अशा घरातील मुलाने गेलेल्या राज्यासाठी हळहळावे, असे आपल्याला वाटते. गोपाळरावांनी उलट प्रश्न विचारला. मूठभर परके लोक समुद्रापलीकडून येतात आणि एवढा मोठा देश जिंकतात, तर दोष कोणाचा? पुण्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकताना आणि पुढे इतिहासाचे विपुल वाचन करताना त्यांना जे उत्तर सापडले, ते स्वकीयांना बोचणारे होते. विद्येचा ऱ्हास, जातिभेद, आळस, भिक्षुकी, स्त्रियांची दुर्दशा आणि जगाविषयीचे अज्ञान यांमुळे समाज आधीच पोखरला होता. इंग्रज हे त्या पोखरलेपणाचे फळ होते, असे त्यांचे मत बनले.

४.३ शतपत्रे : लेखणीचे दोन्ही अंग

१८४४ मध्ये गोपाळराव दख्खनच्या सरदारांसाठी नेमलेल्या एजंटाच्या कचेरीत भाषांतरकार झाले. जुन्या सरदारांचे अर्ज इंग्रजीत आणि सरकारचे हुकूम मराठीत आणणे हे अशा कचेरीचे काम. पराभूत आणि विजेते यांच्यामध्ये दुभाष्या म्हणून बसलेला हा तरुण मार्च १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रे लिहू लागला. त्या वेळी त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते. 'प्रभाकर'चे संपादक भाऊ महाजन. सुमारे दोन वर्षांत प्रसिद्ध झालेली ही १०८ पत्रे म्हणजेच 'शतपत्रे'.

या पत्रांत इंग्रजी राज्याची स्तुती आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ईश्वराने हिंदू लोकांना शहाणे करण्यासाठी इंग्रजांना धाडले, अशा आशयाचे विचार त्यांत वारंवार येतात. आजच्या वाचकाला ते खटकतात आणि खटकलेही पाहिजेत. मात्र त्याच पत्रांत दुसराही एक धागा आहे. इंग्रजांना त्यांनी गुरू मानले आणि शिष्य शहाणा झाला म्हणजे गुरूचे काम संपते, हेही सांगितले. हिंदुस्थानात लोकांच्या प्रतिनिधींचे पार्लमेंट असावे, ही कल्पना त्यांनी १८४८ च्या सुमारास मांडली. इंग्रजांनी फार जुलूम केला, तर अमेरिकेत झाले तसे येथेही होईल, असे त्यांनी सुचवले. देशी कापड जाडेभरडे असले तरी तेच वापरावे, परदेशी माल घेऊ नये, हा उपदेशही त्यांनी केला. स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द राजकीय घोषणा होण्यास त्या वेळी अर्धशतकाहून अधिक अवकाश होता.

शैलीच्या दृष्टीनेही येथे एक निरीक्षण करण्यासारखे आहे. शतपत्रांची वाक्ये तुटक, ठाशीव आणि बोलीच्या जवळची आहेत. पुनरुक्तीची त्यांना भीती नाही. संस्कृत पंडिती वळण टाळून लेखक थेट वाचकाशी भांडतो. त्यांचा पहिला रोख त्यांच्या स्वतःच्या ब्राह्मण जातीवर आहे. परक्यांची चाकरी करणारा माणूस स्वजातीवर एवढी टीका करतो, तेव्हा तो मालकाला खूश करण्यासाठी लिहितो, असा संशय येणे स्वाभाविक आहे. पण ही पत्रे मराठीत आहेत. त्यांचा वाचक इंग्रज अधिकारी नव्हे. सरकारची मर्जी मिळवण्याचा तो सोपा मार्ग खचितच नव्हता आणि पुण्यातील लोकांचा रोष ओढवून घेण्याचा मात्र तो हमखास मार्ग होता.

४.४ इनाम कमिशन : लेखणी थांबते तेथे

१८५२ मध्ये गोपाळराव वाई येथे मुन्सफ झाले आणि १८५६ मध्ये त्यांची इनाम कमिशनच्या साहाय्यक अधिकाऱ्याच्या पदावर नेमणूक झाली. त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रकरण हे आहे. चरित्रलेख बहुधा ते एका वाक्यात उरकतात, म्हणून आपण ते नीट समजून घेऊ.

पूर्वीच्या राजवटींनी सरदार, देवस्थाने, विद्वान, गावकामगार अशा अनेकांना सारामाफीच्या जमिनी इनाम दिल्या होत्या. सरकारचा महसूल त्यामुळे बुडतो, असे कंपनी सरकारला वाटले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. इनामदाराने आपला हक्क सनदांनी आणि जुन्या कागदांनी सिद्ध करावा, न झाल्यास जमिनीवर सारा बसावा, अशी ही व्यवस्था. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हक्काचा कागद प्रत्येकाच्या घरात असतोच असे नाही. धामधुमीत, आगीत, वाळवीने कागद नाहीसे होतात. त्यातही हे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले गेले होते. ज्याचा महसूल वाढायचा, त्यानेच निर्णय द्यायचा, असा हा प्रकार होता. दक्षिण महाराष्ट्रात त्यामुळे मोठा असंतोष पसरला आणि १८५७ च्या उठावाच्या कारणांत इतिहासकार त्याचीही गणना करतात.

गोपाळरावांच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो. आयत्या उत्पन्नावर जगणाऱ्या वर्गावर त्यांनी शतपत्रांत कठोर टीका केली होती. इनामे गेली तर आळस जाईल, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटणे शक्य आहे. शिवाय इनामदार म्हणजे सारे गरीब रयत नव्हेत. त्यांतील कित्येक स्वतःच रयतेचे शोषक होते. हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु तो अपुरा आहे. इनामदाराकडून घेतलेला पैसा शेतकऱ्याच्या हाती गेला नाही, तो सरकारच्या तिजोरीत गेला. एका अन्यायाच्या जागी न्याय आला नाही, केवळ उत्पन्नाचा मालक बदलला.

भाषेचा अभ्यासक म्हणून मी आपले लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. कचेरीतील मराठीत चौकशी करण्यात येते, दावा फेटाळण्यात येतो, इनाम खालसा करण्यात येते. या कर्मणी धाटणीच्या वाक्यांत कर्ता दिसत नाही. शतपत्रांत दोष कोणाचा हे नाव घेऊन सांगितलेले असते; कचेरीच्या भाषेत ते नाव गळून पडते. परसत्तेशी सहकार्य करणाऱ्याचे नैतिक संकट बरेचसे या फरकात सामावले आहे. मोठा अन्याय अनेक लहान कामांत वाटला जातो. एक जण कागद तपासतो, दुसरा नक्कल करतो, तिसरा सही करतो आणि शेवटी कोणीच काही केलेले नसते. अशा वाक्यांत कर्ता शोधणे, हे या घटकातील आपले मुख्य काम आहे. वाक्य कोणत्याही धाटणीचे असो, इनाम कमिशनच्या कामात गोपाळराव देशमुख हे एक कर्ते होते.

४.५ इतर मार्ग होते काय?

काळच तसा होता, हा बचाव आपण नेहमी ऐकतो. तो तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याच काळातील इतर माणसे काय करत होती, ते पाहणे.

भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्येच 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात 'अ हिंदू' या टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजांच्या आर्थिक लुटीवर प्रखर हल्ला केला होता. म्हणजे इंग्रजी राज्याचा हा चेहरा पाहणे शतपत्रांच्या सात वर्षे आधीही शक्य होते. साताऱ्याचे राजे प्रतापसिंह यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले, सुमारे चौदा वर्षे त्यांनी कंपनीच्या आणि पार्लमेंटच्या दारी अर्ज केले आणि रिकाम्या हाताने परतल्यावर १८५७ मध्ये उठावाची तयारी केली. ती फसली. त्यांच्या मुलाला फाशी झाली आणि ते स्वतः कायमचे अज्ञातात गेले. ज्या सातारा मुलुखात हे घडत होते, त्याच मुलुखात वाईच्या कचेरीत काही वर्षांपूर्वी गोपाळराव न्यायदान करत होते.

पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केले. तेही पुण्यातील लष्करी हिशेबखात्यातील नोकर होते. दुष्काळाने होरपळलेला मुलूख त्यांनी पाहिला आणि शस्त्र हाती घेतले. त्याच वर्षी ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. याच १८७९ मध्ये गोपाळराव नाशिक येथून न्यायाधीशपदावरून सन्मानाने निवृत्त झाले. दोन सरकारी नोकरांची ही दोन टोके आहेत.

यावरून प्रतिकार करणारे सारे निर्दोष आणि सहकार्य करणारे सारे दोषी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, जुलमी कोण हे पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असते. महात्मा फुले यांनीही आरंभी इंग्रजी राज्याचे स्वागत केले, कारण शूद्रातिशूद्रांच्या दृष्टीने पेशवाई हेच जुलमाचे राज्य होते. मात्र फुल्यांनी पुढे शेतकऱ्याच्या दुर्दशेबद्दल सरकारी नोकरशाहीलाही खडसावले. 'शेतकऱ्याचा असूड' याची साक्ष देतो. दुसरे कारण असे की, परकीयांशी लढण्याची भाषा कधीकधी घरातील जुलमावर पांघरूण घालते. सरकारी शाळेतील नोकरी सोडणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त लोकहितवादींवर घणाघाती टीका केली. स्वदेशाचा अभिमान जागवण्याचे मोठे कार्य त्यांनी केले. परंतु लोकहितवादींनी जातिभेद आणि स्त्रियांची स्थिती यांविषयी जे प्रश्न विचारले होते, त्यांना त्या अभिमानात उत्तर नव्हते.

४.६ उत्तरायुष्य

इनाम कमिशननंतर गोपाळरावांचा बराच काळ गुजरातेत, विशेषतः अहमदाबादेत न्यायखात्यात गेला. तेथे त्यांनी गुजराती समाजातही सुधारणेचे काम केले. प्रार्थना समाज, ग्रंथप्रसार, वृत्तपत्रे यांना त्यांनी साहाय्य केले. १८७६ मध्ये त्यांनी 'हिंदुस्थानास दारिद्र्य येण्याची कारणे' हा ग्रंथ लिहिला. दारिद्र्य हा प्रश्न त्यांना सुटू देत नव्हता, हे त्यावरून दिसते. पण हा ग्रंथ लिहिणाऱ्यालाच १८७७ च्या दिल्ली दरबारात रावबहादूर ही पदवी मिळाली. दक्षिणेत तेव्हा दुष्काळ होता. त्याच दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी खादीचा पोशाख करून गेले होते. देशी कापडाचा उपदेश शतपत्रांचा. तो अंगावर घालून सत्तेसमोर उभे राहिले जोशी. एकाच मांडवातील हा विरोध आपण लक्षात ठेवावा.

पुढे ते मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद आणि काही काळ रतलाम संस्थानचे दिवाण झाले. ग्रामव्यवस्था आणि स्थानिक स्वराज्य यांवरील त्यांचे लेखन याच उत्तरकाळातील. ९ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांचे निधन झाले. सुमारे पस्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांनी राजीनामा दिला नाही.

४.७ मूल्यमापनाचे निकष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परसत्तेशी सहकार्य करणाऱ्याचे मूल्यमापन करताना पुढील तीन प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला, सहकार्याच्या मोबदल्यात मिळालेले सामर्थ्य त्याने कोणासाठी वापरले? या प्रश्नावर लोकहितवादींची बाजू भक्कम आहे. नोकरीतून मिळालेले ज्ञान, स्थैर्य आणि प्रतिष्ठा त्यांनी मराठी वाचकाला शहाणे करण्यासाठी खर्च केली.

दुसरा, सत्तेविषयी जे खरे वाटले, ते त्याने सांगितले का? येथे उत्तर संमिश्र आहे. पार्लमेंट, देशी माल, दारिद्र्य यांविषयी ते बोलले. पण त्यांचा कठोर स्वर स्वकीयांसाठी राखलेला होता. सत्तेशी बोलताना तो मृदू झाला.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, त्याच्या सहकार्याची किंमत कोणी मोजली? रंगो बापूजी आणि फडके यांच्या प्रतिकाराची किंमत प्रथम त्यांनी आणि त्यांच्या घरांनी मोजली. इनाम कमिशनमधील सहकार्याची किंमत गोपाळरावांनी मोजली नाही; जिचे कागद वाळवीने खाल्ले, अशा एखाद्या गावातील कुटुंबाने ती मोजली. त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय दिलेला निर्णय अपुरा राहील.

माझ्या मते, लोकहितवादींचे विचार आणि त्यांचा इनाम कमिशनमधील सहभाग यांची वजाबाकी करू नये. शतपत्रांच्या पुण्याईने कमिशनचे काम धुऊन निघत नाही आणि त्या कामामुळे शतपत्रे खोटी ठरत नाहीत. दोन्ही नोंदी त्यांच्याच नावावर राहतात. सहकार्य करणे हा अपराध नव्हे. पण सहकार्य करणाऱ्याने कोणत्या कामाला नकार देईन, याची रेषा आपल्याशी आखून ठेवली पाहिजे. ती रेषा लोकहितवादींच्या लेखनात स्पष्ट दिसते, त्यांच्या नोकरीत मात्र दिसत नाही.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हे शिक्षण घेत आहात. कार्यालय, कारखाना, पतपेढी, ग्रामपंचायत येथे आपल्यालाही कर्ता नसलेली वाक्ये लिहावी लागतात. आज सत्ता परकी नाही, तेव्हा तुलना ताणू नये. तथापि आपण सही करत असलेल्या कागदाची किंमत कोण मोजणार आहे, हा प्रश्न तेव्हाइतकाच आजही विचारता येतो.

४.८ शब्दार्थ

अव्वल इंग्रजी : इंग्रजी अमलाचा सुरुवातीचा काळ.
इनाम : सारामाफीने दिलेली जमीन किंवा उत्पन्न.
खालसा करणे : सरकारजमा करणे.
सनद : हक्काचा अधिकृत लेख.
मुन्सफ : दिवाणी न्यायखात्यातील कनिष्ठ न्यायाधीश.

४.९ स्वाध्याय

१. शतपत्रांतील इंग्रजी राज्याची स्तुती आणि त्या राज्याच्या अंताविषयीचे विचार यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
२. इनाम कमिशनमधील लोकहितवादींच्या सहभागाचे समर्थन व खंडन, दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दहा ओळींत लिहा.
३. 'काळच तसा होता' हा बचाव तर्खडकर, रंगो बापूजी आणि फडके यांच्या संदर्भात तपासा.
४. आपल्या गावच्या किंवा कार्यालयाच्या एखाद्या जाहीर सूचनेतील कर्मणी धाटणीची पाच वाक्ये निवडा. प्रत्येक वाक्यातील कर्ता शोधून ते वाक्य पुन्हा लिहा आणि अर्थात काय फरक पडला, ते नोंदवा.